गुरुजींची चौकशी

निवृत्त मुख्याध्यापकांचे अंतःकरण त्या दिवसाच्या स्मरणाने आजही आर्द्र होते. परीक्षेत एका मुलीला उत्तर सांगितल्याबद्दल चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना ज्यांची चौकशी करायची होती, ते त्यांचेच बालपणीचे गुरुजी होते. गुरुजी दालनात येताच हे अध्यक्ष महाशय पूर्वसंस्काराने उठून उभे राहिले आणि काही केल्या बसेनात.

“अरे, उभ्याने कसली चौकशी करतोस? बस खाली!”

ते निमूटपणे बसले. “गुरुजी, तुम्ही सांगितलं नसेलच ना?”

“सांगितलं. रडत होती रे पोर! पण पळवाट दाखवू नकोस. मी तुला कधी दाखवली होती का?”

निलंबनाच्या आदेशावर मुख्याध्यापकांनी कशीबशी वेडीवाकडी सही केली. गुरुजींनी वाकून कागद न्याहाळला.

“अक्षर मात्र पार बिघडवलंस,” असे म्हणून त्यांनी शिष्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते सावकाश बाहेर पडले.