लोणीबाई आणि न खाल्लेले पाव

दवाखान्यात त्यांना सगळे लोणीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. काम सोनोग्राफीचं. पित्ताशयात खडे असलेला पेशंट आला की आधी उपाशीपोटी त्याचं पित्ताशय मोजायचं, मग जाड लोणी फासलेले दोन पाव खायला घालायचे आणि पाऊण तासाने पुन्हा मोजायचं. लोणी पोटात गेलं की धडधाकट पित्ताशय आकसतं. ते ढिम्म राहिलं तर कामातून गेलं समजायचं.

पेशंट खात असताना नातलगांना बाहेर काढायचं, हा बाईंचा सव्वीस वर्षांचा नेम. त्या दिवशी मात्र एका आजोबांनी "हिच्याजवळ बसू का हो?" असं विचारलं आणि बाईंना नाही म्हणवेना.

आजींचं हृदय कमजोर होतं. पित्ताशय आकसत असेल तर गोळ्यांनी खडे विरघळवून बघू, नाहीतर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ.

पाऊण तासाने बाईंनी मोजलं. पित्ताशय होतं तेवढंच. जड मनाने त्या रिपोर्ट लिहायला वळल्या, तर आजोबांच्या मिशीला लोणी!

"आजोबा, पाव कोणी खाल्ले?"

"ह्यांना रागावू नका," आजीच म्हणाल्या. "लोण्याचं नाव काढलं तरी मला धडकी भरते. मागच्या खेपेला रात्रभर गडाबडा लोळले होते."

"तिचे हाल बघवत नाहीत मला," आजोबा पुटपुटले. "म्हटलं, पाव संपल्याशी कारण."

आता माया काही शहाणपणाला विचारून येत नाही! बाईंना हसू आलं, पण त्याहून जास्त स्वतःचाच राग आला. नेम मोडला होता तो त्यांनीच.

"अहो, तुमच्या मायेने आजींना थेट ऑपरेशनच्या टेबलावर पोचवलं असतं! नशीब, त्या अजून उपाशीच आहेत. चला, बाहेर बसा."

बाईंनी नवे पाव आणले आणि स्वतः शेजारी बसून एकेक घास भरवला. दुसऱ्या पावाला कळ आली. आजींनी बाईंचा हात घट्ट आवळला, पण पाव संपवला. थोड्या वेळाने कळ ओसरली. या वेळी पित्ताशय निम्म्याहून लहान झालं होतं.

बाई धावतच बाहेर आल्या. "आजोबा, आकसलं! गोळ्यांवर भागेल बहुतेक."

आजोबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. "दुखलं का हो तिला?"

"दुखलं थोडं."

"मग हात कोणाचा धरला तिने?"

बाईंनी आपला हात पुढे केला. नखांचे वण अजून लाल होते. आजोबांनी तो हात दोन्ही हातांत घेतला आणि हळूहळू चोळत राहिले.