टॉवेलांमागचा फोटो

मराठी पाहुणे येणार असले की अमेरिकेतल्या हर्नडनच्या आमच्या घरी मी आधी हॉलमधला तो फोटो उतरवायची. निळा कोट, हातात पुस्तक. ज्यांच्यामुळे माझी आई शाळेत गेली आणि मी इथवर आले, त्यांनाच मी टॉवेलांच्या कपाटात ठेवायची. रिकाम्या खिळ्याला कॅलेंडर.

लोक वाईट नव्हते हो. पण एका काकूंनी माझं आडनाव दोनदा विचारलं आणि पुढच्या हळदीकुंकवाचं बोलावणंच आलं नाही. तेव्हापासून धसका घेतला. माझं जाऊ दे, लेकीच्या मैत्रिणी तुटायला नकोत. मग मी नुसतं नाव सांगायला लागले.

त्या शनिवारी असेच पाहुणे जेवायला येणार होते. अकरा वर्षांची लेक डायनिंग टेबलाशी शाळेचं प्रेझेंटेशन पाठ करत होती. अमेरिकन क्रांतीच्या काळात मालक जेवताना लिबर्टीच्या गप्पा मारायचे आणि वाढणारे गुलाम ऐकायचे. मग मॅसॅच्युसेट्समधल्या काही गुलामांनी सरकारकडे अर्जच केला, की हे स्वातंत्र्य आमचंही आहे. कितीतरी जण सैन्यात जाऊन लढले. काही सुटले, पुष्कळ नाही सुटले.

"अर्जावर सही केली त्यांनी?" मी कांदा चिरता चिरता विचारलं.

"येस, मम्मा. देअर ओन नेम्स. मालकाला कळणार होतं, तरी."

कांदा होता म्हणून बरं, डोळ्यांना निमित्त मिळालं. "पुरे आता, टेबल आवर," मी खेकसले. आतून हलले की मी अशीच खेकसते.

कुकर लावून हॉलमध्ये गेले, तर खिळ्यावर कॅलेंडर.

"यू फरगॉट, सो मीच ठेवला," लेक म्हणाली. मी कपाट उघडलं. काच फुटू नये म्हणून तिनं फोटो तिच्या सगळ्यात मऊ टॉवेलात गुंडाळला होता.

मला भडभडून आलं. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. ती बघून बघून शिकली होती.

"माझं चुकलं गं, बाळा," मी तिला जवळ घेतलं. "खुर्ची आण."

तिनं खुर्ची धरली, मी फोटो लावला.

"अँड इफ दे आस्क?"

"आडनाव सांगायचं. पूर्ण."

तेवढ्यात बेल वाजली. मी अजून खुर्चीवरच उभी होते. दार उघडायला लेक गेली.