राक्षसाची तहान

माघाच्या कोवळ्या उन्हात नरखेडकडच्या संत्र्याच्या बागा फुलतात, तेव्हा एसटीच्या उघड्या खिडकीतून एक ओलसर, मधुर गंध आत येतो आणि पेंगुळलेले प्रवासीसुद्धा डोळे उघडतात. मला मात्र त्या गंधामागोमाग जळक्या कागदाचा आणि खळीचा वास येतो. मी खिडकी लावून घेते.

ऐंशीनंतरची ती वर्षं. घराघरांत दूरचित्रवाणीचे संच येऊ लागले होते आणि माझ्या एकुलत्या एका अद्भुतरम्य कादंबरीवर मालिका निघणार होती. दिग्दर्शक होता प्रभाकर, इतवारीतल्या आमच्याच गल्लीत माझ्याबरोबर वाढलेला. कादंबरीच्या मध्यावर एक युद्ध आहे. दोन राज्यांच्या सेना भिडतात, एका बाजूने डोंगराएवढा राक्षस चालून येतो, सगळे बाण त्याच्याकडे वळतात. आणि एक मुलगी रणांगण ओलांडून त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरते. राक्षस गुडघे टेकतो, पाणी पितो. युद्ध तिथेच थांबतं.

हे मी कल्पनेतून लिहिलं नव्हतं. माझा थोरला भाऊ नाना देहानं अवाढव्य आणि मनानं लेकरू होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. बांबू-कागदाचे प्रचंड पुतळे, ज्यांना आम्ही बडगे म्हणतो, शहराची सारी पीडा घेऊन वेशीबाहेर जातात आणि तिथे जाळले जातात. एका वर्षी गल्लीतल्या टवाळांनी नानाच्या गळ्यात चपलांची माळ घालून त्याला बडग्याच्या पुढे चालवलं. आपला मान होतोय असं वाटून तो हसत हसत चालला. उमगलं तेव्हा मटकन खाली बसला. कोणी जवळ गेलं नाही; प्रभाकर तेवढा तांब्या घेऊन गेला. नानानं घटाघटा पाणी पिऊन तोंड पुसलं, आणि काही दिवसांनी तो घर सोडून निघून गेला तो गेलाच.

मालिकेला मी होकार दिला तो एकाच लोभानं. कुठल्यातरी गावी, कुठल्यातरी दुकानातल्या संचासमोर उभा राहून नाना पाणी पिणारा राक्षस पाहील, आपल्याला कोण बोलावतंय ते त्याला कळेल, आणि तो परत येईल. हे मी प्रभाकरला सांगितलं होतं. ऐकताना त्याचे डोळे भरून आले होते.

शब्दांनी धरलेली शांतता पडद्यावर कशी धरायची, यावर आम्ही कितीतरी संध्याकाळी घालवल्या. नगारे काढून टाकू, तलवारींचा खणखणाटही हळूहळू विरू दे, शेवटी फक्त घोटांचा आवाज राहील, हे सुचवलं प्रभाकरनंच. त्या सूचनेवर मी किती भाळले होते! राक्षस केला बडगे करणाऱ्या गणपतकाकांनी. दोरी ओढली की मान लवेल असा. सैनिक आमच्या गल्लीचेच, पुठ्ठ्याच्या ढालींना चंदेरी रंग दिलेला. बहरलेल्या बागेशेजारच्या पडीक रानात चित्रीकरण झालं. मान लवली, तांब्या ओठांना लागला. आणि कोणीतरी मागून टेंभा लावला. कागद भडकन पेटला, आणि सगळी सेना मिरवणुकीतल्यासारखी ओरडली, "घेऊन जा गे मारबत!"

मला वाटलं, हाताची सवय. बडगा म्हटला की जाळायचा. प्रभाकर डोकं धरून बसला होता. मीच त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, जाऊ दे, दुसरा करू.

परतताना टेम्पोत मी गणपतकाकांना विचारलं, "काका, काहून पेटवलं?"

ते गोंधळले. "साहेबानंच सांगून ठेवलं होतं ना ताई. पानी पेलं का लावा म्हने. मले वाटलं, तुमाले ठाऊक असन."

त्या संध्याकाळी मी जाब विचारला, तेव्हा इतके दिवस माझ्याशी पुस्तकी बोलणारा प्रभाकर एकदम गल्लीच्या बोलीवर आला. "लढाईत कोनी मेलंच नाई, तर पाहीन कोन वं?" माझ्याकडे न बघता म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला, आजही येतो. परक्यानं केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. पण यानं केसानं गळा कापला, आणि वर माझ्याकडून स्वतःचं सांत्वनही करून घेतलं.

तो भाग लागला त्या रविवारी सगळी गल्ली आमच्या संचासमोर जमली. पाण्याचा प्रसंग कापूनच टाकला होता. राक्षस वाकतो आणि पुढच्याच क्षणी ज्वाळा. लोकांनी टाळ्या पिटल्या. कादंबरी कधीच न वाचलेली माझी आई कोपऱ्यात बसून होती. ती हळूच म्हणाली, "जाळाच्या आधी त्याले घोटभर पानी तरी द्याचं होतं वं."

नाना अजून आलेला नाही. पूर्वी मी मनोमन मागायची, की तो असेल त्या गावी एक तरी संच असू दे. आता बागा फुलल्या की वाटतं, त्या गावात तेव्हा वीजच पोचलेली नसावी.