ऑईलचा दिवा

दौंड स्टेशनाबाहेरच्या टॅक्सीतळावर चांगदेव ड्रायव्हरचं नाव निघालं की माणसं आधी त्याच्या कानाचं कौतुक करायची. गाडी तळावर वळायच्या आत, नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, कुणाचा पट्टा ढिला झालाय आणि कुणाचा प्लग चुकतोय. त्याच्या हातातली पांढरी ॲम्बॅसिडर शिरूरच्या साहेबराव अण्णांची होती. अण्णांच्याच ट्रकवर तो गाडी शिकला, आणि टॅक्सीची चावी हातात देताना अण्णांनी त्याला एक गोष्ट बजावली होती.

"चांगदेव, ह्यो ऑईलचा लाल दिवा. चालत्या गाडीत पेटला की जाग्यावर उभी करायची. ऑईल फिरायचं थांबलं की दोन-तीन मैलांत इंजिन जाम होतंय. मंग गाडी न्हाई राहत ती, नुसतं लोखंड."

सहा वर्षं चालत्या गाडीत तो दिवा कधी पेटला नाही. पेटला तो चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात, भर दुपारी.

चांगदेव दौंडहून काही पाहुणे मंडळींना सोडायला राहू गावाला गेला होता. परत फिरणार तोच चार माणसं एका गड्याला बाजेवरून उचलून धावत आली. म्हस्कू त्याचं नाव, धनगराचा, तिशीतला. आजोबापर्यंत मेंढरं राखलेलं घर, आता उसाची शेती. उसाला पाणी देताना घोणस डसली होती. गावच्या डॉक्टरांनी पाय बांधून दिला होता आणि सांगितलं होतं, लस पुण्यालाच मिळेल, वेळ घालवू नका. मागच्या सीटवर म्हस्कूची बायको वच्छलाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, पुढं त्याचा चुलता हरिबा. म्हस्कूच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं आणि ती ते पदरानं टिपत होती.

चांगदेवनं गाडी अशी काढली की यवत कधी आलं ते कळलं नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यानं वेग आणखी वाढवला. आणि कासुर्डीच्या अलीकडं, चकचकीत उन्हात, डॅशबोर्डवर तो दिवा लागला. मिणमिणता नाही, सरळ लालभडक.

चांगदेवनं पाय उचलला. कान लावले. इंजिन स्वच्छ चालत होतं. खडखड नाही, ठोका नाही. त्याचा कान म्हणत होता, चल. पण अण्णांचे शब्द डोक्यात होते. त्यानं गाडी लिंबाखाली घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं, ऑईल मोजायची पट्टी काढून पुसून पुन्हा घातली. ऑईल पुरतं होतं. गाडी चालू केली. दिवा तसाच.

"काय झालं, डायव्हरदादा?" हरिबानं विचारलं.

"ऑईल हाय, पर फिरंना झालंय. पंप गेला आसंल."

"चालतीय की गाडी," मागून वच्छलाबाई म्हणाली. "आवाज तर येतोय. चला की, दादा."

"ताई, आसंच दामटलं तर पुढं इंजिन जाम हुईल. मंग कुठल्या तरी माळावर आडकून पडू. हितं रस्त्याला निदान दुसरी गाडी तरी घावंल."

हे बोलणं शहाणपणाचं होतं. पुढं कितीतरी वर्षं चांगदेवला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. दोन ट्रक वळसा घालून निघून गेले. एक एसटी गच्च भरलेली, न थांबता गेली. पाऊण तासानं कांद्याचा एक ट्रक थांबला. म्हस्कूला पोत्यांवर निजवलं. वच्छलाबाई चढताना तिचं पाऊल घसरलं, चांगदेवनं हात दिला. त्या हाताला म्हस्कूचं रक्त लागलेलं होतं. ट्रक गेला. हडपसरच्या पुढं म्हस्कूचा श्वास थांबला, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

गाडी दोरानं ओढत दौंडला आणली. पोपट मिस्त्रीनं बॉनेटखाली डोकं घातलं आणि चहा निवायच्या आत वर काढलं.

"पंप ठणठणीत हाय, चांगदेव. ही बघ तार. दिव्याची. इंजिनावर घासून हिचं वरचं रबर गेलंय, आन् उघडी तार लोखंडाला टेकलीय. म्हून दिवा लागला. इंजिनाला काय बी झालेलं न्हाई."

"पर मला कळावं कसं?"

"सोपं हाय." पोपटनं बोट दाखवलं. "दिवा पेटला की गाडी उभी करायची, त्ये तू बरोबर केलंस. ऑईल बघायचं, त्ये बी केलंस. मंग चावी चालू ठेवून हितनं तार उपसायची. दिवा इजला, तर तार नीट हाय, धोका खरा धरायचा, गाडी हलवायची न्हाई. तार काढून बी जळत ऱ्हायला, तर खोट तारेत, इंजिनात न्हाई. एका मिनिटाचं काम."

एक मिनिट. चांगदेव तिथंच टायरवर बसला.

साहेबराव अण्णा शिरूरहून आले. म्हणाले, "तू माझ्या शब्दाला जागलास. लोक म्हणतायत गाडी बिघडली, तर म्हणू देत. कुणाला काय सांगत बसू नको." नवी तार टाकून गाडी दुसऱ्या दिवशी तळावर लागली.

चांगदेव बाबासाहेबांना मानणारा. भूतखेत, करणी, देवऋषी ह्यातलं त्याच्या घरात काही नव्हतं. पण आता त्याला ते लाल दिसायला लागलं. भाजीवालीच्या टोपलीत, शेजारणीच्या कपाळावर, आणि दौंडच्या यार्डातल्या सिग्नलांवर तर दिवसाढवळ्या. सिग्नल लाल असला की तो पायीसुद्धा थबकायचा. गाडी चालवताना मागच्या रिकाम्या सीटवरून म्हस्कूच्या श्वासाची घरघर ऐकू यायची. काच खाली केली की वाऱ्यात मिसळायची, वर केली की पुन्हा. ज्या कानाचा त्याला अभिमान होता, तोच आता नसलेलं ऐकत होता. त्याची बायको सगुणाबाई सांगायची की तो जेवताना मधेच घास खाली ठेवतो आणि म्हणतो, "इंजिन स्वच्छ चालत हुतं गं."

"आवं, मंग त्या बाईला जाऊन सांगा," ती एकदा म्हणाली. "मला सांगून काय हुतंय?"

श्रावणात तो राहूला गेला. वच्छलाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. तिनं ओळखलं. पाणी दिलं. चांगदेवनं तांब्याला हात न लावता उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: तार, पंप, मिस्त्री, एक मिनिट. गाडी पुण्याला पोचली असती, हेही सांगितलं.

तिनं हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले.

"तवा तुमास्नी ठावं हुतं का ह्ये?"

"न्हाई, ताई."

"मंग आता कशापायी सांगितलंत? इतके दिस मी त्या गाडीला शिव्या देत हुते. सकाळी उठलं की देत हुते. आता कुणाला देऊ?"

"मला द्या."

"तुमी तर समोर हुबं ऱ्हायलाय. हुबं ऱ्हायलेल्याला कशा देऊ?" आणि ती रडली नाही, सूप उचलून आत गेली.

चांगदेवला वाटलं होतं, सांगितल्यावर मागची घरघर थांबेल. ती थांबली नाही. त्यानं गाडी सोडली नाही, तेवढंच. तळावर नवा ड्रायव्हर आला की तो त्याला बॉनेटपाशी नेऊन ती तार उपसायला लावायचा, दहादा. कुणी हसलं तर हसू द्यायचा. पुढं सत्त्याहत्तरला भांडगावापाशी दिवा खरोखर पेटला. लग्नाचं वऱ्हाड गाडीत होतं. त्यानं तार काढली, दिवा विझला, म्हणजे धोका खरा. मंडळींनी मुहूर्त चुकतो म्हणून आरडाओरडा केला तरी त्यानं गाडी तसूभर हलवली नाही. पंपच गेला होता. अण्णांनी पाठ थोपटली. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी हरिबा तळावर आला. वच्छलाबाईच्या सासूला, अनसाबाईला, डोळ्यांच्या ऑपरेशनला पुण्याला न्यायचं होतं. "तुमचीच गाडी आण म्हनली सूनबाई," तो म्हणाला.

राहूला म्हातारीला मागं बसवलं. वच्छलाबाई मात्र पुढं आली. चांगदेवनं चावी फिरवली, तसा डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. तिनं दाराची कडी घट्ट धरली.

"ताई, आत्ता त्यो पेटायलाच पायजे. न्हाई पेटला तर दिवाच गेला समजायचं. गाडी चालू झाली की इजतो."

त्यानं गाडी चालू केली. दिवा विझला.

यवत गेलं. कासुर्डी आली, तशी ती लिंबाकडं न बघता त्या विझलेल्या दिव्याकडं बघत राहिली, आणि चांगदेव रस्त्याकडं. मागं म्हातारी घोरत होती. थेट उरुळी येईपर्यंत वच्छलाबाईनं नजर हलवली नाही. मग ती म्हणाली, "दादा, आता जरा थांबवा. आत्याबाईस्नी चहा पाजू."

त्यानं गाडी बाजूला घेतली.