वेशीचा दांडा

त्या दोन-चार वर्षांत आमच्या गावात एक वेळ चांदी मिळाली असती, पण सुतार मिळत नव्हता. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी भाऊ-भाऊ भांडले, त्यांचा कापूस अडकला, आणि आदल्या वर्षापर्यंत जो कापूस आम्ही उशीत कोंबत होतो त्याला विलायतेची वाट फुटली. व्यापाऱ्याच्या माणसानं हे समजावून सांगितलं तेव्हा चावडीवरच्या एका म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं, "मंग त्यायचं भांडन मिटन का लवकर?" परक्याचं भांडण मिटू नये म्हणून मारुतीपुढे नारळ फोडणारं आमचंच गाव असेल. मीही फोडला, खोटं कशाला सांगू.

आगगाडीचे रूळ अजून अकोल्यापर्यंतही आले नव्हते. सगळा कापूस बैलगाडीनंच जायचा, आणि गाड्या करायला सुतार लागायचा. आमच्या गावचा सुतार, ज्याला आम्ही वाढईकाका म्हणत होतो, हा बलुत्यावरचा माणूस. सुगीला खळ्यावरून त्याचा वाटा जायचा आणि वर्षभर तो आमचे नांगर-वखर नीट करायचा. पूर्वी निरोप धाडला की लाकूड तासायचा वाकस घेऊन दारात हजर. आता आम्ही त्याच्या दारात जायचो आणि तो मान वर करत नव्हता. अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं त्याला गाड्या सांगितल्या होत्या, एक संपली की दुसरी. गावातल्या निम्म्या वखरांचे दांडे दोरीनं बांधलेले, आणि बैलांच्या शिंगांना मात्र चांदीच्या शेंब्या. असं आमचं वैभव.

माझं काम वखराचं नव्हतं. माझं काम खेळायच्या दांड्याचं होतं, म्हणजे आणखीच खालच्या पायरीचं.

आमच्या भागात धुळवडीला पूर्णेच्या वाळूवर चेंडू-दांडा व्हायचा. आम्ही अलीकडचे, नदीपलीकडचं गाव पलीकडचं. चिंध्यांचा चेंडू, प्रत्येकाच्या हातात बोरी-बाभळीचा वाकडा दांडा, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन धोंडे. त्या धोंड्यांमधल्या जागेला वेस म्हणायचं. चेंडू वेशीतून गेला की गाव लुटलं. वेशीत एकच माणूस उभा राहायचा, आणि त्याचा दांडा निराळा असायचा, जाड, खाली पसरट, नांगरासारखा वाकलेला. फळी जोडून असला दांडा होत नाही, पहिल्याच टोल्याला निघतो. झाडालाच उपजत बाक पाहिजे, खोडातून फांदी फुटते तिथला.

आमच्या गावची वेस वीस वर्षं माझ्या बाबांनी राखली. मी जन्मलो त्या वर्षी त्यांनी आमच्या बांधावरच्या बाभळीची बेचकी तोडली आणि वाढईकाकानं तिचा दांडा केला. पुढे बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. उजेड-अंधार कळायचा, माणूस बोलल्यावर कळायचा. तेव्हा त्यांनी दांडा माझ्या हातात दिला आणि स्वतः दरडीवर जाऊन बसायला लागले. चेंडू त्यांना दिसायचा नाही. तो दांड्यावर बसला की ठक असा आवाज व्हायचा, तेवढा ते मोजायचे. घरी आल्यावर म्हणायचे, "सात आडवले तू. चौथा काठावर बसला, बाकावर नाई." आणि ते खरं असायचं.

दर अमावास्येला त्या दांड्याला जवसाचं तेल लावायचं हा त्यांचा नेम होता. स्वतःच्या गुडघ्याला नाही लावलं तरी चालेल.

तर हा दांडा मी मोडला. खेळताना मोडला असता तर मिरवलं असतं. मी तो अमरावतीच्या रस्त्यावर मोडला, कापसापायी. त्या दिवसांत अमरावतीच्या बाजाराला गाड्यांची रांगच्या रांग लागायची, आणि मागच्या गाडीचे बैल पुढच्या गाडीतला कापूस ओढून खायचे. म्हणून प्रत्येक गाडीच्या मागे एक माणूस दांडा घेऊन पाठमोरा बसायचा. मी म्हटलं, आपण गावाची वेस राखणारे, आपल्याला साधी काठी कशी शोभेल. बाबांना न विचारता वेशीचा दांडा घेतला आणि दिमाखात बसलो. एका नाल्यात चाक काळ्या चिखलात रुतलं. मागचे गाडीवान शिव्या द्यायला लागले. मी दांडा चाकाखाली घातला आणि अंगातलं सगळं बळ लावून रेटला. चाक निघालं. बाक उभा चिरला. व्यापाऱ्याच्या कापसाला एक बोंडभरही डाग लागला नाही, हे मात्र सांगायला पाहिजे.

घरी आलो, दांडा गोठ्यात कडब्याआड टाकला. दोन दिवसांनी अमावास्या. बाबांनी विचारलं, "दांडा आन बरं, तेल लावू." मी म्हटलं, "मी लावलं, बाबा. आढ्यावर ठेवला." इतकं सोपं गेलं की मलाच नवल वाटलं. डोळस माणसाशी खोटं बोलायला तोंड सावरावं लागतं, तिथं तेही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाढईकाकाकडे गेलो. तो चाकाचे आरे तासत होता. मी चिरलेला दांडा पुढं केला. त्यानं बाकावरून अंगठा फिरवला.

"हा कोनं मोडला?"

"मोडला."

"तो मोडत नसते. तो मोडा लागते." मग तो परत आऱ्याकडे वळला. "नवा कराले बाक पाह्यजे. कुठून आनू? बांधावरची बाभूय तं तुमीच इकली चाकासाठी."

बाभूळ मीच विकली होती. तिची चाकं बहुतेक त्याच्याच अंगणात पडली असतील. मी म्हटलं, "काका, धुळवडीले बाबा दरडीवर बसतीन. दुसऱ्या दांड्याचा आवाज त्यायले लगेच कळन."

"मंग सांग त्यायले."

"सांगनं होत नाई."

"बलुत्यात वखर येते, दांडा नाई येत," तो म्हणाला. "पाहू."

त्याच्या त्या 'पाहू'वर मी सव्वा महिना काढला. मधली अमावास्याही 'मी लावलं' म्हणूनच निभावली. दर तीन-चार दिवसांनी जायचो. कधी म्हणायचा, पाहून राहिलो. कधी म्हणायचा, तुले का गाडीवर बसवून अकोल्याले नेऊ का आता. माझी माय म्हणायची, "या पोराचं कायले येवढं वाढयाच्या घरी जानं-येनं?" होळीच्या तीन दिवस आधी गेलो तर तो नव्हताच. तयार गाड्या घेऊन अकोल्याला गेला होता. मला एक शब्द सांगून गेला नव्हता. त्याची बायको दळत होती, तिला काही विचारावं इतकंही मन राहिलं नाही. पैसा दिसला की माणूस कसा बदलतो, हे मी चार जणांना रस्त्याने सांगत आलो. चांदीच्या शेंब्या आमच्याच बैलांना होत्या, पण ते त्या वेळी आठवलं नाही.

आता होळीची रीत तुम्हाला माहीत आहे. होळीची लाकडं मागायची नसतात, चोरायची असतात. ज्याची गेली त्यानं आरडाओरडा करायचा, दोन शिव्या हासडायच्या आणि गप्प बसायचं. एकदा होळीत पडलेलं लाकूड परत मागता येत नाही, ओढून काढणं तर दूरच. वाढईकाका दरवर्षी आपल्या ढलप्यांचा ढीग मुद्दाम कुडाबाहेर ठेवायचा, म्हणजे आमच्या चोरीचा मान राहायचा आणि त्याचा कूडही शाबूत राहायचा. त्या वर्षी ढीग नव्हता. ढलप्यासुद्धा कोणी भट्टीसाठी नेल्या होत्या.

मी पोरांना म्हटलं, "बाहेर नाई तं आतून आनू." खरं सांगायचं तर मला लाकूड नको होतं, मला तो परत आल्यावर त्याचं तोंड पाहायचं होतं. होळीच्या दिवशी भर दुपारी, त्याची बायको नदीवर गेलेली असताना, आम्ही चौघं कुडावरून उतरलो. गाडीचा मोडका आस, दोन जुनी जोखडं, एक फुटकी पाटी, जे हाताला लागलं ते घेतलं. छपराच्या वाशाला पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं बांधून ठेवलं होतं. ते पोत्यासकट मीच सोडवलं. वजनदार होतं. म्हटलं, चांगलं जळेल.

दिवस मावळता होळी पेटली. बायकांनी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, ऊब कुठून येते तिकडे तोंड करून. तेवढ्यात वाढईकाका आला. अकोल्याहून थेट, अंगावर धूळ, हातात नारळ. नारळ होळीत टाकला, हात जोडले, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "घेतला नं दांडा? बायकोले सांगून गेलो व्हतो, होयीच्या दिशी देजो म्हनून. तेल मुरू दे म्हटलं तवरक."

मी म्हटलं, "कोनता दांडा?"

"पोत्यात बांधून ठेवला तो. तुया बापाच्या दांड्याचा जोड व्हता माह्याजवळ. येका बेचकीतून दोन बाक निघाले व्हते. येक त्याले देल्ला, येक वीस वर्षं आढ्यावर ठेवला. मले वाटे, कवातरी लागन."

मी जाळाकडे वळलो. त्यानं माझ्या नजरेमागे नजर नेली. पोतं जळून गेलं होतं आणि जाळात तो बाक स्वच्छ दिसत होता, तासलेला, रंधा मारलेला, तेलानं चकाकणारा. तेलामुळे इतर लाकडांपेक्षा तोच छान जळत होता. मी पुढे झालो तर दोघांनी दंड धरले. होळीतलं काढत नसतात, हे मला सांगायची गरज नव्हती. वाढईकाकानंही काही मागितलं नाही. त्याला मागता येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "दोन गाड्या बाजूले ठेवून केला व्हता, लेका. मार आता बोंब."

बाबांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. त्यांनी विचारलं, "काय झालं रे?"

तिथं, सगळ्या गावासमोर, मी सांगितलं. अमरावतीचा रस्ता, चिखल, कडब्याआड टाकलेला दांडा, अमावास्येचं तेल, कुडावरून मारलेली उडी, सगळं. मला रडू येत होतं आणि धूर आहे म्हणायची सोय होती, पण तीही मी घेतली नाही. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खांद्यावरचा हात काढला, पालथा करून तोंडावर नेला आणि अशी बोंब ठोकली की बैलं दावणीला बिचकली. चार माणसांत कधी आवाज न चढवणारा माणूस. मग काय, सगळं गाव त्यांच्यामागे सुरू झालं. होळीत बोंब कोणाच्या तरी नावानं मारायची असते. त्या वर्षी ती माझ्या नावानं झाली आणि पहिली माझ्या बापानं मारली.

सकाळी अंघोळीचं पाणी होळीच्या निखाऱ्यांवर तापवायची आमच्याकडे रीत आहे. बाया हंडे घेऊन जमल्या होत्या. वाढईकाका तिथं आला, हातात एक लोखंडी कडं. व्यापाऱ्याच्या पुढच्या गाडीच्या चाकातल्या तुंब्याचं असावं, मी विचारलं नाही. म्हणाला, "आन तो फुटका." मी गोठ्यातून दांडा आणला. त्यानं चिरेवर ओल्या चामड्याची वादी आवळली, कडं निखाऱ्यांत तापवून लाल केलं, आणि बाबांना म्हणाला, "दादा, दाबून धरजा." बाबांनी दोन्ही हातांनी चीर मिटून धरली. कडं चढवलं, पाणी ओतलं, ते आवळत गेलं. ज्या निखाऱ्यांवर ते तापलं त्यांत नवा दांडा कुठला आणि जोखड कुठलं हे आता ओळखू येत नव्हतं.

वाफ जिरल्यावर बाबा म्हणाले, "येक इचारू का?"

"इचारा नं," मी म्हटलं.

"मले दिसत नाई म्हनून खोटं बोलला का तू?"

वाढईकाका उगीच वाकस पुसायला लागला. मी म्हटलं, "हो."

"हं," बाबा म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी वाळूवर मी वेशीत उभा राहिलो. बाबा दरडीवर, शेजारी वाढईकाका. पहिला चेंडू आला, मी आडवला. ठक नाही, कड्यामुळे काहीतरी भलतंच वाजलं. दुसरा आडवला. तिसरा पलीकडच्या गावच्या एका दांडगटानं असा हाणला की मी दांडा आडवा घातला आणि हात कोपरापर्यंत बधिर झाले. चेंडू परतला. कडं वाळूत उडालं आणि बाक माझ्या पायाशी पडला.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? हातात उरलेला तुकडा घेऊन वेशीत उभा राहील. चेंडू तिकडे आमच्याच पोरांच्या दांड्यांत गुरफटला होता, वेळ थोडा होता. मी दोन्ही तुकडे उचलले आणि दरडीकडे पळत सुटलो. मागून आमची पोरं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. बाबांसमोर गुडघ्यावर बसलो, तुकडे त्यांच्या हातात दिले आणि म्हटलं, "बाबा, मोडला. दोन झाले."

त्यांनी दोन्ही तुकडे चाचपले. चीर कुठून कुठं गेली ते अंगठ्यानं पाहिलं. मग तुकडे मांडीवर ठेवले आणि माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, लहानपणी ताप पाहायचे तसा.

"आडवला का पन?"

"आडवला."

"मंग आता वेशीत कोन हाय?"

"कोनी नाई."

"मंग जाय नं, लेका."

मी वळलो. चेंडू तोवर वेशीतून पार गेला होता, आणि पलीकडचं सगळं गाव आमच्या वाळूवर नाचत होतं.