बाटली तटस्थ कशी ठेवायची?

माझ्या लहानपणी आमचं घर घोड्याच्या पाठीवर असायचं. आटपाडीकडं पाणी आटलं की वडील मेंढरं घेऊन साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात उतरायचे. मागं आई, आम्ही भावंडं, आणि घोड्यावर तवा, वाकळा, कोंबड्या. वडील माणूस चांगला, पण दारूपुढं त्यांचं काही चालायचं नाही. एका गावात कोकरू जायचं, दुसऱ्या गावात आईचं डोरलं. शेवटी शेवटी मेंढरांपेक्षा आम्हीच जास्त उरलो. मग मामानं मला शाळेसाठी ठेवून घेतलं. आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगायला मी कधी लाजत नाही.

पुढं मी ज्या गावात मुख्याध्यापिका झाले, तिथल्या बायांनी दारूचं दुकान बंद करायला मतदान मागितलं. माझं मत काय असणार, हे खरं तर कुणी विचारायला नको होतं. पण सगळे विचारायचे, आणि मला सांगता येत नव्हतं.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. अशा मतदानात कागदावर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आमच्याकडं मत फक्त बायांचं होतं, आणि केंद्र आमच्याच शाळेत. तहसीलदार साहेबांचा फोन आला, "मॅडम, शाळा पूर्ण तटस्थ पाहिजे. एक जरी तक्रार खरी निघाली तरी मतदान पुढं जाईल."

पुढं गेलं की संपलंच. घरच्यांच्या शिव्या आणि मार खाऊन या बायांनी सह्या जमवल्या होत्या. त्या परत जमल्या नसत्या.

दुकानदार शाळेच्या समितीवर होता आणि त्याची नात पहिलीत. एक दिवस तिला सोडायला आला आणि वर्गाच्या दारातच थबकला.

"आवं बाई, ह्यो काय प्रचार लावलाय?"

"कसला प्रचार?"

"समद्या पोरांच्या बाटल्या आडव्या हायती की!"

वर्गाची फरशी उंचसखल. पाण्याची बाटली उभी ठेवली की कलंडते, म्हणून पोरं ती आडवीच ठेवायची. मी समजावलं. तो म्हणाला, "म्हंजे फरशीबी त्यांच्याच बाजूची हाय व्हय?"

मी सगळ्या बाटल्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या. दुपारी खिचडी शिजवणाऱ्या मावशी पळी हातात घेऊनच आल्या. बायांच्या पुढारी त्याच.

"बाई, तुमीसुदा? लेकरांच्या बाटल्या उभ्या? काय चारलं त्यानं तुमाला?"

मी साहेबांना फोन लावला. "साहेब, बाटली तटस्थ कशी ठेवायची?"

त्यांनी प्रश्न दोनदा परत विचारून घेतला. मग म्हणाले, "वर विचारून सांगतो." वरून अजून उत्तर आलेलं नाही.

बाटल्या पट्ट्यानं खिळ्याला टांगून बघितल्या. दुकानदार खूश. "लोंबती का असंना, उभीच हाय." मावशींनी त्या उतरवायला लावल्या. तिरक्या ठेवल्या, तर दोन्हीकडची माणसं मान वाकडी करून त्या कुणाकडं जास्त झुकल्यात ते बघायला लागली. तिसरीच्या गुरुजींनी तर धसकाच घेतला. बेरजेची 'उभी मांडणी' ते 'खांबासारखी मांडणी' म्हणून शिकवायला लागले, आणि पोरांना 'उभे राहा' न म्हणता 'वर व्हा' म्हणाले. पोरं बाकांवर चढली.

शेवटी मी हुकूम काढला की मतदान होईपर्यंत बाटली बंद, तांब्या आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी शाळा हातात तांब्या घेऊन रांगेनं आली, ती नेमकी वेशीतल्या 'हागणदारीमुक्त गाव' या पाटीखालून. ग्रामसेवक मोटारसायकल तशीच आडवी टाकून धावले.

"मॅडम, हे काय! गावाला बक्षीस मिळालंय. कुणी फोटो काढला तर?"

"पाणी प्यायला आणलेत हो लेकरांनी."

"ते फोटोत दिसतं का?"

तांब्याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं काही म्हणणं नव्हतं. तांब्या राहिला.

मतदानाच्या आदल्या दिवशी मावशींनी मला चुलीजवळ गाठलं. "आता तरी खरं सांगा. तुमी कुणाकडं?"

"मी शाळेकडं."

"शाळंकडं तर भिंतबी हाय," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून चुलीत लाकूड सारलं.

मला लागलं. वडिलांचं सगळं त्यांना सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते दुकानात पोचलं असतं, आणि तक्रार खरी निघाली असती. मी मतदानाच्या खोलीतली बाकं हलवायला गेले.

मतदानाला बायांची रांग फाटकाबाहेर गेली. मतदान घ्यायला आलेले अधिकारी पाणी प्यायले आणि त्यांनी बाटली टेबलावर उभी ठेवली. रांगेतून मावशी ओरडल्या, "ओ साहेब, टेबलावर प्रचार!" त्यांनी गडबडीनं ती आडवी केली. फाटकाबाहेरून दुकानदार ओरडला, "बघा, बघा! आता काय म्हणायचं?" अधिकाऱ्यांनी घाम पुसला आणि बाटली माझ्या हातात दिली. "मॅडम, तुम्ही तटस्थ. तुम्हीच धरा."

पदवीधर बाई मी, सकाळभर ती बाटली तिरकी धरून व्हरांड्यात उभी. माझं नाव त्याच यादीत होतं. माझा नंबर आला तेव्हा मागं दुकानदाराची आई होती. तिला म्हटलं, "आजी, एवढी धरता?"

"कशी धरू गं? उभी का आडवी?"

अख्खी रांग हसली. बाहेर दुकानदारही हसला. "आये, नुसती हातात धर की!"

"तुझा बापबी असंच म्हनायचा," म्हातारी म्हणाली. "नुसती हातात धरलीया म्हनायचा. आन् त्यातच गेला."

तिनं माझ्या हातातली बाटली घेतली. मी आत जाऊन शिक्का मारला, बाहेर आले आणि बाटली परत हातात घेतली. म्हातारी पदर सावरून आत गेली.

मतमोजणी त्याच संध्याकाळी झाली. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला होता. शाळेविरुद्ध एकही तक्रार टिकली नाही, मतदान पुढं गेलं नाही, आणि गावातलं दारूचं दुकान बंद झालं.