मीनाच्या मागून म्हटलेली ओळ

मीना गेली तेव्हा मी लोचोच्या रांगेत उभी होते. रविवारची सकाळ, भेस्तानच्या आमच्या कोपऱ्यावरचं दुकान, हरभऱ्याच्या डाळीचा वाफाळलेला लोचो, वर बटर आणि शेव. "सुरतेत रविवारी सकाळी जी बाई घरात पोहे करते, तिचं नवऱ्याशी वाजलेलं असतं," असं मीनाच म्हणायची. फोन तिच्या नवऱ्याचा, रघुनाथभाऊजींचा. "वहिनी, या लवकर. मीनानं चहा ठेवला, खुर्चीत बसली आणि... उठलीच नाही." दुकानदार विचारत होता, "बेन, चटणी नाखुं?" मी म्हटलं, "नाखो." तो पुडा हातात घेऊन मी रिक्षाने बमरोलीला तिच्या घरी पोचले आणि तिच्या ओट्यावर ठेवला. तिला जास्त चटणी लागायची. त्या दिवशी मी इतकी रडले की तिची सख्खी बहीण मला पाणी देत होती. आज पाच-सहा आठवडे झाले. रडणं आटलं. आता मला तिचा राग येतो, आणि असा राग मला उभ्या जन्मात कुणाचा आला नाही. या लेखातली नावं मी बदलली आहेत. का, ते पुढे कळेलच.

आम्हाला सुरतेला आणलं मीनानं. आम्ही नंदुरबारला होतो. ह्यांची जिनिंगमधली नोकरी सुटलेली, आमची वृषाली बालवाडीत, मी डी.एड. होऊन घरी बसलेले. मीनाचं माहेर आमच्या गल्लीत. उन्हाळ्यात ती सुरतेहून आली की तिच्या गप्पांनी गल्ली दणाणायची. "ये व माय, सुरतले ये," एक दिवस ती आमच्या ओट्यावर फतकल मारून म्हणाली, "तठे कोणी उपाशी ऱ्हात नई आणि कोणी मुकं ऱ्हात नई." भाऊजी पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये होते, त्यांनी ह्यांना त्याच मिलच्या फोल्डिंग खात्यात चिकटवलं. मिल म्हणजे साड्या रंगवायची. पहिले काही महिने ह्यांच्या सदऱ्याला रोज वेगळा वास यायचा. मला मात्र हे शहर पहिल्या आठवड्यातच आवडलं. मीना मला घेऊन सगळीकडे फिरली. थंडीत पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा खायला, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चंदी पडव्याला फुटपाथवर चादर टाकून तुपात थबथबलेली घारी खायला, नवरात्रात गरब्याला. गरबा मला येत नव्हता. तिनं मला वर्तुळात ढकललं आणि म्हणाली, "पुढची करते ते कर. अक्कल वापरू नको." खानदेशी लग्नाची वरात निघाली की डीजेसमोर ही सगळ्यात पुढे, पदर खोचून. आणि गळा! माईक नसला तरी चार गल्ल्यांना ऐकू जाईल असा खणखणीत. पुढे मला मराठी शाळेत नोकरी लागली, पण गाणं असो की खाणं, माझी मास्तरीण मीनाच.

आता मुद्द्याचं सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. कानबाई ही आमची श्रावणातली देवी. नारळाला नथ-डोळे लावून तिला बसवायचं, रात्र गाण्यांनी जागवायची, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तापीवर न्यायचं. तिच्या रोटांचा नियम मोठा कडक. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते खायचे फक्त भाऊकीनं, म्हणजे एका कुळाच्या भाऊबंदांनी. शेजारणीला पुरणपोळी द्या, खीर द्या, पण रोटाचा तुकडा बाहेर जाता कामा नये. आणि एका भाऊकीतली मुलं म्हणजे सख्खी भावंडं, त्यांची सोयरीक होत नाही. ह्यांना भाऊकीच नव्हती. वडील हे पाळण्यात असताना वारले, सासूबाई ह्यांना घेऊन माहेरी गेल्या, आणि वडिलांचं गाव धरणाखाली गेलं. माणसं कुठे कुठे पांगली. आडनाव पाटील, आणि खानदेशात पाटील पायलीचे पन्नास. लग्नकार्यात कुणी कुळी विचारली की हे पाणी प्यायला उठून जायचे.

सुरतेतल्या पहिल्या श्रावणात मीना आमच्या घरी आली. येतानाच ओरडत, "सापडनं, सापडनं!" तिच्या सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, की त्या बुडालेल्या गावात आपल्या भाऊकीचं एक घर होतं, त्याचा पुढे पत्ता लागला नाही. "ते घर म्हणजे तुम्हीच! पाटील, तेच गाव, पोरकं पोर. अजून काय पाहिजे? आपली भाऊकी एकच शे!" हे आत गेले आणि धुतलेला सदरा घालून आले, पाहुणे आल्यासारखा. त्या वर्षी मीनानं मुठी मोजताना ह्यांच्या नावाची मूठ घातली, मोठ्यानं नाव घेऊन. परक्या गावात माणसाला नोकरी मिळते, खोली मिळते, पण भाऊकी कोण देतं? तिनं दिली. मी तिला देवीसमोर वाकून नमस्कार केला होता.

तेव्हापासून कानबाई आमची एकत्र. मीना खापरावरचे मांडे करायची. दोन्ही हातांवर पोळी कोपरापर्यंत पसरवत न्यायची आणि उपड्या खापरावर अलगद सोडायची. गॅसवर तो मातीचा डेरा पालथा बघून शेजारच्या गुजराती बायका दारात उभ्या राहायच्या. आणि गाणी... कानबाईच्या गाण्यात एकीनं ओळ सांगायची, दुसरीनं मागून म्हणायची. मीना सांगायची, मी म्हणायचे. इतकी वर्षं हाच क्रम. एकदा मी म्हटलं, "मला सांगू दे की एखादी." तर हसून म्हणाली, "तू मास्तरीण शाळेत. इथे मनामागे म्हण." म्हणजे तिच्या मागून.

वृषाली आणि मीनाचा प्रशांत एकमेकांच्या घरात वाढले. ती मीनाला मोठी आई म्हणायची. वृषाली कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हा एका दुपारी भांडी लावता लावता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आई, मला प्रशांतशी लग्न करायचंय. त्याला पण." मी हातातलं ताट खाली ठेवलं. मी तशीच बमरोली गाठली. मीना गिलकी चिरत होती. मी सांगितलं तशी विळी आडवी करून बसली. मग म्हणाली, "सुनंदा, भाऊ-बहीण शेतस ना व त्या. एकच रोट खायेल शेतस. देवी सोडेल का आपल्याला?" मी घरी आले आणि पोरीला तेच सांगितलं, शब्द न् शब्द. ती भांडली नाही. म्हणाली, "मोठी आई म्हणाली का असं? मग झालं." त्या वर्षीच्या राखीपौर्णिमेला मीनानंच तिला बोलावून प्रशांतला राखी बांधायला लावली. प्रशांतनं हात पुढे केला आणि पोरगा खिडकीबाहेर बघत राहिला. त्या दिवशी मीनाचा मांडा खापरावर फाटला. एक नाही, सगळे. "हात दुखी ऱ्हायना," म्हणाली. मी तिला बाम चोळून दिला. बाम! माझ्या हातानं!

वृषालीचं नाशिकला झालं. जावई चांगले आहेत, खोटं बोलणार नाही. सोयरिकीत त्यांनी कुळी विचारली, तेव्हा हे पाणी प्यायला उठले नाहीत. छाती काढून मीनाची कुळी सांगितली. प्रशांतनं मात्र लग्न केलं नाही. मीना म्हणायची, "पसंतच पडत नाही त्याला कोणी, काय करू?" आणि मी येडी तिच्यासाठी मुली शोधत होते.

दहाव्याला आम्ही सगळे तापीच्या घाटावर. भाऊकीचे पुरुष ओळीनं केस काढायला बसले. हेही बसले, ह्यांचा हक्कच होता. न्हाव्यानं डोक्याला पाणी लावलं, एक पट्टा वस्तऱ्यानं काढला, आणि गावाकडून आलेले मीनाचे थोरले दीर, बापू, पुढे झाले. "थांब रे. भाऊ, तुम्ही कसाले बसनात? तुम्ही आमनी भाऊकीना नई ना." हे म्हणाले, "बापू, बुडालेल्या गावातलं ते घर... ते आम्हीच." म्हातारा गोंधळला. आवाज मऊ करून म्हणाला, "नाही हो भाऊ. त्या घराचा पत्ता कधीच लागला. शहाद्याकडे असतात ते. ते काय, बसलेत." ओळीच्या टोकाला दोन माणसं बसली होती, डोकी काढून झालेली, आम्ही कधी न पाहिलेली. मी बायकांत पायऱ्यांवर उभी होते. मला सगळं ऐकू आलं. न्हावी वस्तरा धरून थांबलेला, आणि ह्यांच्या डोक्यावर तो एकच पांढरा पट्टा. बापू म्हणाले, "राहू द्या, उठा." हे उठले नाहीत. न्हाव्याला म्हणाले, "काढ रे पूर्ण. वहिनीच्या हातचे रोट खाल्लेत मी."

तेराव्यानंतर मी भाऊजींसमोर जाऊन बसले. चहाही घेतला नाही. "भाऊजी, मीनाला कधी कळलं?" "वृषाली बारावीला होती तेव्हा," ते म्हणाले. "शहाद्याची माणसं गावी आली, भाऊकीत मिळाली. बापूंचा फोन आला होता." म्हणजे त्या दुपारी गिलकी चिरताना तिला माहीत होतं. राखी बांधायला लावली तेव्हा माहीत होतं! "वहिनी, ती फार घाबरली होती. परक्यांना रोट खाऊ घातले हे भाऊकीत कळलं असतं तर आम्हाला बाहेर काढलं असतं. देवीचा कोप वेगळा. आणि तुमच्या ह्यांना काय वाटलं असतं... ती म्हणायची, दिलेली भाऊकी परत कशी मागू?" मी म्हटलं, "आणि माझ्या पोरीचं काय, भाऊजी? तुमच्या पोराचं काय?" ते नुसते रडले. मला त्यांची दया आली नाही.

चुकून भाऊकी जोडलीस, मीना, ते मी डोक्यावर घेते. पाटील, गाव, पोरकं पोर, कुणाचीही गफलत झाली असती. त्या चुकीवर आम्ही सुखानं जगलो. पण कळल्यावर? माझ्याजवळ येऊन एकदा म्हणायचं होतंस, "सुनंदा, माझं चुकलं व." मी आकाशपाताळ एक केलं असतं, महिनाभर तोंड बघितलं नसतं, आणि मग आपण दोघींनी मिळून पोरांचं लग्न लावलं असतं. त्या लग्नाला मी डीजेसमोर तुझ्याही पुढे नाचले असते! तू मला सगळं शिकवलंस, पण विश्वास मात्र टाकला नाहीस. एवढं अंतर होतं का ग आपल्यात? आता भांडू तरी कुणाशी? खुर्चीत बसलीस आणि सुटलीस.

यंदा त्यांच्या घरात कानबाई नव्हती, सुतकाचं वर्ष. आम्हाला सुतक नाही असं बापूंनीच सांगितलं, तरी आमच्याकडेही नव्हती. कुणाच्या नावानं मुठी मोजणार? विसर्जनाच्या दिवशी रस्त्यानं ढोल गेले, बायका गात गेल्या, मी खिडकी लावून घेतली. हे खुर्चीत बसून होते. डोक्यावर आता खुंट आले आहेत. म्हणाले, "लावू नको, ऐकू दे."

त्याच संध्याकाळी प्रशांत आला. मीनाच्या साडीत गुंडाळलेलं खापर त्यानं पोटाशी धरलं होतं. "काकू, हे तुमच्याकडे राहू दे. आमच्याकडे फुटेल." घाटावर तोही होताच, त्यालाही सगळं कळलेलं. मी खापर घेतलं आणि विचारायचं ते विचारलं, "तुला आधी माहीत होतं का रे?" त्यानं मान हलवली, नाही. मी म्हटलं, "मी वृषालीला सांगणार आहे. तिला कळलंच पाहिजे. भावावर जीव जडला म्हणून इतकी वर्षं माझी पोर स्वतःला दोष देत असेल." तो चप्पल घालत होता, थांबला. "काकू, नका सांगू."

"का? आईची अब्रू जाईल म्हणून?"

"नाही," तो म्हणाला. "मग राखी यायची बंद होईल. तेवढं एकच येतं तिचं."

तो गेल्यावर मी कितीतरी वेळ दार लावायचंच विसरले होते.

वृषालीची राखी दरवर्षी आमच्याच पत्त्यावर येते, बमरोलीतली त्यांची गल्ली कुरियरवाल्याला सापडत नाही म्हणून. यंदाची आली आहे. खापर ओट्याच्या कोपऱ्यात पालथं ठेवलंय, कड जरा टवकलेली, वर मीनाच्या गॅसची काजळी. ते पाकीट त्याच्याखाली आहे. काल रात्री वृषालीचा फोन होता. "आई, राखी पोचली का ग? प्रशांतदादाला आठवणीनं दे. मोठी आई नाही, यंदा त्याला जास्त एकटं वाटेल." सांगून टाकणारच होते. मी म्हटलं, "पोचली. देते."

पौर्णिमेला तो येईल, मी खापर उचलीन आणि पाकीट त्याच्या हातात देईन. 'बहिणीनं पाठवलीय' म्हणेन. तू सांगितलेली ओळ, मीना, मी पुन्हा एकदा तुझ्यामागून म्हणणार आहे. पण तुझ्यासाठी नाही म्हणत.